ओटी दोन्ही हातांनी

देवाच्या बाबतीत मी सरळ बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. मी देवीशी भांडते. दिवाळीनंतरच्या त्या गुरुवारी सकाळी तर मी तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. दारात बॅगा भरून तयार, डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, आणि निघायच्या अर्धा तास आधी दिरांचा फोन आला, गाडीचं मोठं काम निघालंय, तीन-चार दिवस तरी मिळायची नाही. वणीला जाणं रद्द. बसने जावं म्हटलं तर रसिकाला तेवढे तास पाय मुडपून बसवत नाही. नुसती सहल बुडाली असती तर मी एवढी चिडले नसते, पण माझा नवस फेडायचा होता.

रसिका माझी मुलगी. खराडीला एका आयटी कंपनीत आहे. मार्चमध्ये ऑफिसला जाताना तिची गाडी घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. आत सळई घालावी लागली. ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या बाकावर बसून मी सप्तशृंगीला कबूल केलं होतं, की माझी पोरगी तुझ्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढेल आणि मी तुझी ओटी भरीन. वणीची देवी माझ्या माहेरचं कुलदैवत. पुढे हाड नीट जुळलं. डॉक्टर म्हणाले, पाय पक्का झालाय, आता काठी सोडा. काठी तिने सोडली, पण जिना आला की ती जागच्या जागी थांबायची आणि मी पुढे होऊन तिचं कोपर धरायची. आठ महिने मी ते कोपर धरलं. आमच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली, खालून वर, दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, आई असावी तर अशी, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. पण येत्या सोमवारी तिला कामावर हजर व्हायचं होतं. तिथे मी नसणार होते. तिला एकटीला जमेल का, या एका प्रश्नाने माझी झोप उडवली होती, आणि त्याचं उत्तर मी वणीच्या पायऱ्यांवर ठेवून दिलं होतं.

मी बॅगा परत उचलायला लागले तर रसिका म्हणाली, "आई, बाबांची रजा पडलीये, माझे शेवटचे चार दिवस आहेत. पुण्यातच फिरू ना. टुरिस्टसारखं, लॉजवर राहून." मला हसावं की रडावं कळेना. पण हे लगेच तयार झाले. आम्ही हडपसरचे लोक आजही 'पुण्यात जाऊन येतो' असंच म्हणतो, तेव्हा एका अर्थी तो प्रवासच होता. पहिल्या हॉटेलात पुण्याच्या पत्त्याचं ओळखपत्र चालत नाही म्हणून आम्हाला बाहेरचा रस्ता दाखवला. डेक्कनच्या मागच्या गल्लीतल्या दुसऱ्या लॉजवरच्या गृहस्थांनी आधार कार्ड डोळ्यांजवळ नेऊन वाचलं आणि म्हणाले, "हडपसर. बराच लांबचा प्रवास झाला आपला." आणि किल्ली दिली.

त्या दिवशी आम्ही मिसळ खाल्ली, तुळशीबागेत उगाच भाव विचारत हिंडलो, शनिवारवाड्यासमोर बसून शेंगा खाल्ल्या. कित्येक महिन्यांनी रसिका खळखळून हसली. पण संध्याकाळी बॅग उघडली तर वरच ओटीचं सामान. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, आणि खालच्या मजल्यावरच्या शेख भाभींनी दिलेल्या हिरव्या बांगड्या. त्यांच्याकडे तीन पिढ्यांचं बांगड्यांचं दुकान आहे. आम्ही निघणार हे कळल्यावर त्या स्वतः जिना चढून आल्या होत्या. "तुमच्या देवीला आमच्याकडून द्या. म्हणावं, पोरीला चालव." त्या बांगड्या बघितल्या आणि मला चोरासारखं झालं. मी बॅग पटकन बंद केली.

हे माझे यजमान कमी बोलतात. शुक्रवारी सकाळी चहा पिताना म्हणाले, "भक्ताला म्हातारपणी वणीला जाणं होईना, म्हणून देवीच पुण्यात चतुःशृंगीच्या टेकडीवर आली, असं सांगतात ना? मग आपलंही जाणं होत नाहीये." ही गोष्ट मी पंचवीस वर्षं ऐकत आले आहे. दर नवरात्रात ऐकते. पण ती माझ्यासाठी आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी उठून ओटीची पिशवी घेतली.

यांना चढाने धाप लागते म्हणून हे खाली थांबले. पायथ्याशी मी तबकात ओटी मांडली. डाव्या हातावर तबक, उजव्या हातात रसिकाचं कोपर, अशा आम्ही निघालो. दहा पायऱ्या आणि थांबा, पुन्हा दहा पायऱ्या आणि थांबा. नारळ तबकात इकडून तिकडे घरंगळत होता आणि मी एकाच वेळी नारळाला आणि मुलीला सांभाळत होते. तेवढ्यात वरून एक बाई उतरत आल्या. सत्तरी ओलांडलेली, सुती साडी, चष्म्याला दोरी, खांद्याला कापडी पिशवी. आमच्यासमोर थांबल्या, तबकाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"देवीची ओटी एका हाताने नेतात होय? तीही डाव्या?"

मी म्हटलं, "अहो, मुलीचा पाय..."

"मुलीला हात आहेत. कठडाही आहे. आपण आपले दोन्ही ओटीला लावा." एवढं बोलून त्या उतरून गेल्याही.

माझा असा संताप झाला म्हणून सांगू. पण बाई खरं बोलल्या होत्या. माझ्या आईने आयुष्यात कधी ओटी एका हाताने दिली नाही की घेऊ दिली नाही. कोपर सोडायला मला दुसऱ्या कुणीही सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. डॉक्टरांचं तरी कुठे ऐकलं होतं. पण ओटीचा अवमान माझ्याच्याने होईना. मी दोन्ही हात तबकाला लावले.

रसिकाने माझ्याकडे बघितलं, कठडा धरला आणि पाऊल वर टाकलं. मग दुसरं. मी दोन पायऱ्या मागे. निम्म्यावर तिचा पाय घसरला आणि ती गुडघ्यावर आली. माझ्या हातातल्या तबकात बांगड्या किणकिणायला लागल्या. ओटी जमिनीवर ठेवता येत नाही. मला काहीही करता येत नव्हतं. आठ महिने देवीशी नुसती भांडत होते, त्या क्षणी पहिल्यांदा म्हणाले, आता तूच बघ गं बाई. रसिका कठड्याला रेटा देऊन उठली, साड्या नेसलेल्या बायकांची एक रांग मागून येत होती तिला वाट करून दिली, आणि त्यांच्या मागोमाग चढू लागली. शेवटच्या वीसेक पायऱ्यांना तिने कठडाही धरला नाही.

वर गुरुजींनी ओटी घेताना नाव विचारलं. मी रसिकाचं नाव इतक्या मोठ्याने सांगितलं की पुढच्या दोघी वळून बघायला लागल्या. बघू देत. एवढा अभिमान मला तिच्या पहिल्या पगाराचाही वाटला नव्हता. मी डोळे पुसत होते तेव्हा ती हळूच म्हणाली, "आई, तू कोपर धरलंस ना, की माझा तोल जायचा. पण धरलं की तुला बरं वाटायचं, म्हणून मी काही बोलले नाही."

म्हणजे आठ महिने कोण कुणाला सांभाळत होतं, हे मला त्या देवळात कळलं. मला राग आला नाही, लाजही फारशी वाटली नाही. माझ्या पोटी अशी मुलगी आली, हेच मनात आलं.

उतरताना पायथ्याजवळ त्या बाई पुन्हा दिसल्या. पायरीच्या मधोमध फोटो काढणाऱ्या एका जोडप्याला सांगत होत्या, "फोटो घरी काढा, इथे लोकांना चालायचंय." त्या देवी होत्या असं मी म्हणणार नाही. मला इतकंच ठाऊक आहे, की मी ज्या एका गोष्टीपुढे हात सोडला असता, नेमकी तीच गोष्ट त्या बोलल्या. गाडीचं काम त्याच सकाळी का निघालं, हेही मी आता विचारत नाही. वणीला मी जाईनच. नवस देवीने इथेच घेतला. मला तिथे जाऊन त्या गुरुवारी धरलेल्या अबोल्याची माफी मागायची आहे.

सोमवारी सकाळी रसिका पाठीला बॅग लावून दारात आली. माझा उजवा हात सवयीने पुढे झाला. तो तसाच हवेत राहिला, मग मी डावा त्याच्याजवळ नेला आणि देवघराकडे न वळता, जिन्याच्या तोंडाशीच हात जोडून उभी राहिले. तिची पावलं तीन मजले खाली गेली. खालून शेख भाभींचा आवाज आला, "बांगड्या पोचल्या वाटतं." आणि रसिका हसत म्हणाली, "हो भाभी, आईने दोन्ही हातांनी दिल्या."