नाकाखालचे दोन फोड

आमची मुलगी आठ महिन्यांची होती, तेव्हा तिच्या नाकाखाली दोन फोड आले. दुसऱ्या दिवशी ते फुटले आणि मधाचा थेंब वाळावा तशी पिवळी खपली धरली. तिसऱ्या दिवशी हनुवटीवर आणखी चार.

देवगाव रंगारीहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "नागीण हाय ही, जावईबापू. वेढा पुरा व्हायच्या आत गेरू लावा."

शेजारच्या खाला म्हणाल्या, "नजर लगी है बच्ची को."

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. दोघींनाही जंतूंवर व्याख्यान दिलं. हे बाहेरच्याच हातानं आलं असणार, असं ठरवून दाराशी साबण आणि पाण्याची बादली ठेवली. खाला बिचाऱ्या मुकाट्यानं हात धुऊन मुलीला घ्यायच्या. सासूबाईंना तर मी दिवसातून दहादा धुवायला लावायचो.

"आईच्या हातांची सालं निघतील आता," बायको म्हणाली. मी बधलो नाही.

फोड मात्र वाढतच होते. शेवटी पुंडलिकनगरातल्या दवाखान्यात गेलो. सासूबाई हट्टानं सोबत आल्या. डॉक्टरीणबाईंनी ताप बघितला, पोरीला उघडं करून अंगभर पाहिलं.

"नागीण नाही. त्वचेला जंतुसंसर्ग झालाय. वेळेवर आणलंत. तान्ह्या लेकरांत हा भराभर पसरतो." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुमच्या दाढीत काय झालंय?"

"काही नाही, पुटकुळ्या आहेत. वस्तरा लागला होता, म्हणून दाढी वाढवलीय."

त्यांनी बॅटरी मारून पाहिलं. "हिचे पापे किती घेता?"

बायको म्हणाली, "उठल्यापासून शाळेत जाईपर्यंत."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "म्हंजी नागीण नाय, बापच हाय व्हय!"

डॉक्टरीणबाई हसत हसतच दोन चिठ्ठ्या लिहू लागल्या. एक मुलीची, एक माझी. खपल्या कोमट पाण्यानं भिजवून अलगद काढायच्या, वर मलम लावायचं, पोरीची नखं कापायची, टॉवेल वेगळे. ताप आला किंवा ती दूध पिईना झाली, तर तडक आणायचं. आणि मी पापे घ्यायचे नाहीत.

तो आठवडा मला लई जड गेला. पोरगी रांगत माझ्याकडे यायची आणि मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसायचो. तिला तो खेळच वाटायचा. तिचा चेहरा पाचव्या दिवशी स्वच्छ झाला, डागसुद्धा राहिला नाही. मला मात्र आणखी आठवडा लागला. तोवर रोज संध्याकाळी सासूबाई माझी हनुवटी उजेडाकडे वळवून तपासायच्या आणि निकाल द्यायच्या, "आज बी नापास."