कमळाबाईंची सवत

मांजर्लीत मधुदादांच्या अंगणात एक लाकडी, इंजिनाची होडी आहे. कमळाबाई तिला सवत म्हणतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही. बायकोच्या साडीचा रंग या माणसाने कधी धड पाहिला नाही. होडीला मात्र तोच निळा हवा, म्हणून दर उन्हाळ्यात कॅम्प दोनच्या बाजारातली रंगाची दुकानं पालथी घालतात. जुना रंग घासायचा, लाल प्रायमर लावायचा, वर निळ्याचे दोन हात मारायचे. इंजिन ग्रीस लावून, गोधडीत गुंडाळून माळ्यावर. ती गोधडी कमळाबाईंना त्यांच्या आईने लग्नात शिवून दिलेली.

मधुदादांचे वडील या होडीतून कल्याणच्या खाडीत मीठ वाहायचे. त्यांच्यामागे ती पाण्यात उतरलीच नाही. पावसाचा थेंब लागू नये म्हणून मधुदादांनी तिला ताडपत्रीखाली जिवापाड जपलं.

यंदा मुलाने, दिपेशने, विषय काढला. बारवी धरणाकडच्या एका हॉटेलवाल्याला, आत माती भरून बागेत झाडं लावायला, होडी हवी होती.

"पप्पा, तरंगली तर ठेवू. नाय तर देऊन टाकू."

मधुदादा छाती काढून हो म्हणाले.

टेम्पोतून होडी नदीवर नेली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं, पण मधुदादांच्या पायांना गार लागलं. फळ्यांच्या सांध्यासांध्यातून पाणी आत येत होतं. होडी ओढून काठावर घेतली. कोणी हसलं नाही, हेच त्यांना जास्त लागलं.

घरी ते ताटावरून उठले. "एवढा जपला तिला. कुठं चुकलं?"

"सुकवून मारलीत तिला," कमळाबाई म्हणाल्या. "मी नवी नवरी होते, तवा मामंजी मना हंडे आणायला लावायचे. आधी होडी आतून पाण्याने भरायची. लाकूड फुगतं, फटी मिटतात."

रंगाच्या नादात मधुदादा हे साफ विसरले होते.

नळाला पाणी एक दिवसाआड. तरी सकाळी कमळाबाईंनी घरातली पिंपं होडीत रिकामी केली. अर्धं पाणी अंगणात वाहून गेलं, धुणं तसंच राहिलं. शेजारच्या इंदुबाई कुंपणावरून म्हणाल्या, "सवतीला न्हाऊ घालतेस का गं?"

"माहेरपण चाललंय तिचं," कमळाबाई म्हणाल्या, आणि इंदुबाईंचाच हंडा मागून घेतला.

रोज पाणी ओतता ओतता गळती कमी झाली आणि एका सकाळी थांबली. मधुदादांनी सगळे सांधे हाताने चाचपले. डोळे भरून आले, ते त्यांनी लपवलेही नाहीत.

पुन्हा नदी. या वेळी तळाची फळी कोरडी राहिली. दिपेशने हॉटेलवाल्याला तिथूनच नाही कळवलं. कमळाबाई काठावर उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांना होडीत कोणी बोलावलंच नव्हतं.

मधुदादा खाली उतरले. इंजिन गुंडाळून आणलेली गोधडी झटकली आणि होडीतल्या फळीवर अंथरली.

"बस. तुझी जागा हाय."

"तेलाचा वास मारतंय," म्हणत कमळाबाई बसल्या. होडी डोहाच्या मध्यावर गेली तरी त्या आईने घातलेले टाके बोटांनी चाचपत होत्या.