बारा वर्षांची गादी

शहाद्याच्या एसटी स्टँडमागे मुजाहिद मन्सुरीचं गाद्या भरायचं दुकान आहे. बाप हाताने कापूस पिंजायचा, मुजाहिदने मशीन आणलं, पण संध्याकाळी भुवया दोघांच्या कापसाने सारख्याच पांढऱ्या. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी या माणसाला दोन गोष्टींचा अभिमान होता. एक, शहादा तालुक्यात त्याच्यासारखी गादी कोणी भरत नाही. दुसरी, 'दगडी पाखरांचं राज्य' या कादंबरीत पुढे काय होणार हे त्याच्याइतकं कोणाला कळत नाही. पहिली गोष्ट बायको अख्तरबानोलाही मान्य होती.

हे वेड त्याला धंद्यातूनच लागलं. गिऱ्हाइकाच्या गादीत किल्ल्या निघतात, औषधाच्या चिठ्ठ्या निघतात. निवृत्त शिक्षक शांतीलाल मास्तरांच्या गादीच्या खोळीत या कादंबरीचा पहिला भाग निघाला. मुजाहिदने आधी तो वाचून काढला आणि मग चार दिवस उशिरा गादी पोचवली. मास्तर रागावले नाहीत, उलट दुसरा भाग हातात ठेवला. पुढे त्यांनी जिल्ह्यातल्या अशा वेड्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला.

नवा भाग येण्याआधी प्रकाशक दोन प्रकरणं फुकट वाचायला द्यायचा. मग ग्रुपवर खुणा हुडकायचं काम चाले. तिसऱ्या भागाच्या वेळी एकाक्ष नावाडी हाच राजाचा हरवलेला भाऊ, हे मुजाहिदने त्याच्या डावखुरेपणावरून आधीच सांगितलं होतं. तेव्हापासून ग्रुप त्याला उस्ताद म्हणू लागला. दुकानात त्याला सगळे 'ओ गादीवाले' म्हणायचे, त्यामुळे हा शब्द त्याला फार गोड लागला.

मग आली आशा. नवापूरकडच्या डोंगरातल्या गावची, पोल्ट्री फार्मवर अंडी निवडणारी बाई. अंडी उजेडापुढे धरून बारीक तडा शोधायची तिला सवय, आणि पुस्तकही ती तशीच वाचायची. चौथ्या भागाची प्रकरणं आली आणि दोन दिवसांत तिने तीन खुणा काढल्या. राजवाड्यातला आंधळा पहारेकरी आंधळा नाही, हे तिने एका वाक्यावरून दाखवलं. ते वाक्य मुजाहिदने पाच वेळा वाचलं होतं.

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या प्रत्येक मेसेजला लोक टाळ्या पाठवत आणि हा मोजत बसे. अख्तरबानो म्हणाली, एका बाईने चार ओळी लिहिल्या तर तुमचं जेवण का कडू होतं? तो म्हणाला, भाजीत मीठ जास्त आहे. मीठ बेताचंच होतं. त्याला उस्ताद म्हणणारं आता कोणी उरणार नाही, ही भीती त्याला खात होती.

या वेळचा मोठा प्रश्न होता, राणी चंपावती मेली की जिवंत आहे. बारा वर्षांपूर्वी ती नदीत बुडाली असं सगळे मानत. दुसऱ्या प्रकरणात राजपुत्र तिच्या खोलीचं बारा वर्षांचं कुलूप उघडतो आणि आईच्या मऊ गादीत रुतून रडतो. ग्रुप अंगठीवर, पत्रावर, पिंजऱ्यातल्या पोपटावर भांडत होता. तेवढ्यात आशाने मुजाहिदला एकट्याला विचारलं, "भाऊ, तुम्ही या धंद्यातले. बारा वर्षं पडून असलेली गादी मऊ राहते का?"

मुजाहिदला तोंडात मारल्यासारखं झालं. नाही राहत! कापूस आपल्याच वजनाने बसतो, ओल धरतो, गाठी होतात. म्हणजे ती गादी कोणीतरी नुकतीच पिंजून भरली होती. म्हणजे राणी तिथेच झोपत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही कळसा पिंजाऱ्याच्या काखेत. त्याने लिहिलं, "अंग टेकलं नाही तर कापूस बसत नाही ताई. वीस वर्षंही तशीच राहते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तो शोध स्वतःच्या नावाने ग्रुपवर टाकला. मास्तरांनी लिहिलं, उस्ताद तो उस्ताद. लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. मुजाहिद मात्र आशाची वाट बघत होता. तिने त्याचं उत्तर सगळ्यांपुढे ठेवलं असतं तर शहाद्यात तोंड दाखवायला जागा उरली नसती. दुपारी तिने एवढंच लिहिलं, "उस्तादांना गादीतलं कळणारच." त्याला ती ओळ उरलेला दिवस टोचत राहिली.

गुरुवारी पोल्ट्रीची अंड्यांची गाडी शहाद्याला आली. ड्रायव्हरशेजारून आशा उतरली आणि मागून गुंडाळलेली गादी ओढून तिने दुकानात टाकली.

"आईची आहे," ती म्हणाली. "आई गेली त्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून माळ्यावर होती. तुम्ही राहते म्हणालात म्हणून त्याच रात्री न पिंजता लेकीला अंथरली. दगड झालाय. आईने आपल्या शेतातला कापूस वेचून भरली होती. मी घरी म्हटलं, उस्तादांचं चुकायचं नाही, आईचाच कापूस हलका असेल."

मुजाहिदने उसवून मूठभर कापूस काढला आणि चिमटीत ताणला. लांब धाग्याचा, स्वच्छ कापूस होता. असा हल्ली मिळत नाही. ती टोमणा मारत होती की खरंच बोलत होती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना. पण मेलेल्या बाईच्या कापसाला त्याच्यापायी नाव ठेवलं गेलं होतं, आणि कापसाबद्दल त्याने आयुष्यात पहिल्यांदाच खोटं सांगितलं होतं.

"कापूस हलका नही शे ताई," तो अहिराणीवर येत म्हणाला. "मी तुमले खोटं सांगं."

"का?"

"लोके तुमले उस्ताद म्हनतीन म्हनीसन."

आशाने गादी त्याच्याकडे सरकवली. मग म्हणाली, "तर मग पिंजा नीट. संध्याकाळी गाडी परत जाते."

मुजाहिदने तिच्यासमोरच ग्रुपवर लिहिलं, की गादीची खूण आशाताईंची, मी त्यांना खोटं सांगून ती ढापली. मग मास्तरांनी लिहिलं, असं असेल तर आजपासून उस्ताद आशाताई. भराभर टाळ्या आल्या. कबुली दिली की मन हलकं होतं म्हणतात. मुजाहिदचं झालं नाही. पोटात आधीपेक्षा जास्त दुखू लागलं.

त्याने फोन पालथा ठेवला आणि मशीन लावलं. कापूस असा फुलला की खोलीभर झाला. ओट्यावर अख्तरबानो आशाला चहा देत होती आणि आशा तिला पोपटाबद्दल सांगत होती. पोपट राणीचा आवाज काढतो, पण राणी गेल्यानंतर राज्यात आलेला शब्द बोलतो, मग तो शिकला कुठून?

मुजाहिदने मशीन बंद करून ऐकलं. तिचं बरोबर होतं. त्याने मशीन पुन्हा सुरू केलं.