नऊ नंबरचे बरणीकर

घ्या, चहा घ्या आधी. माझी अब्रू कशी गेली ते सांगतो, पण एका अटीवर. हसायचं तर माझ्या तोंडावर हसा. पाठीमागे हसणारी मंडळी झाशीत आता पुरे झाली आहेत.

मी इथल्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. बाहेरून आलेला माल मी बघायचा आणि त्यात खोट काढायची. कागदाशिवाय साधा बोल्ट मी गेटातून आत येऊ देत नाही. "सर्टिफिकेट कहाँ है?" हे माझं वाक्य इतकं प्रसिद्ध आहे की स्टोअरमधली पोरं माझ्या मागे ते माझ्याच आवाजात म्हणतात. असा हा कडक माणूस. लक्षात ठेवा बरं का, पुढे उपयोगी पडेल.

सांगलीहून आम्ही इकडे आलो त्याला दोन वर्षं झाली. ऑफिसात हिंदी, बाजारात बुंदेली. शहरात मराठी मंडळ आहे, काही कुटुंबं बबिन्याच्या छावणीत आहेत, पण भेटी वर्षातून तीनदा. आमच्या वसाहतीत मात्र मराठी घर आमचं एकट्याचं. रोज संध्याकाळी चहाचा कप हातात आला की माझं रडगाणं सुरू व्हायचं.

"दोन शब्द मराठीत बोलायला माणूस नाही गं इथे!"

"मग मी कोण आहे?" वृषाली, म्हणजे आमची सौ., विचारायची.

"तू बायको. तुझ्याशी मी बोलत नाही, तुला उत्तरं देतो."

गंमत सोडा, पण एकटं वाटायचं हो. घरात बायको, मुलगी, सगळं छान. तरी कुणीतरी दारातून "काय जयंतराव, आहात का?" म्हणत यावं, उगाच गावाकडच्या पावसापाण्याच्या गप्पा माराव्यात, असं फार वाटायचं. आणि हे सगळं आमची रेवा टेबलाखाली बसून, रंगीत खडू चावत ऐकायची. वय वर्षं साडेपाच.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी ती बागेतून धावत आली.

"बाबा, नऊ नंबरमध्ये काका आलेत. मराठीवाले!"

माझा कप बशीवर आदळला. नऊ नंबर म्हणजे बागेच्या पलीकडचा, मेंदीच्या कुंपणाआडचा शेवटचा क्वार्टर. बरेच दिवस रिकामा होता. आणि मी पडलो चौकस माणूस! तिथल्या तिथे चौकशी समिती बसली.

"नाव काय त्यांचं?"

"भास्करकाका."

"आडनाव?"

रेवानं स्वयंपाकघरात इकडेतिकडे पाहिलं. म्हणाली, "बरणीकर."

"बरणीकर! म्हणजे कोकणातले असणार," मी वृषालीला म्हणालो. ती फोडणी घालत होती. हसली नुसती.

आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. नवं बिऱ्हाड आलं की पहिला डबा शेजारून जायचा. मी लगेच वृषालीला थालीपिठं लावायला सांगितली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि डबा रेवाच्या हाती दिला. मी स्वतः निघालो तर म्हणते कशी, "आज नको. त्यांचा गुडघा दुखतोय, ते झोपणारेत."

अर्ध्या तासात डबा परत आला. उघडला तर आत दोन पेरू आणि बोगनवेलीची फुलं!

सांगतो तुम्हाला, मला भरून आलं. रिकामा डबा परत करायचा नाही, हे कुणाला कळतं? ज्याच्या आईनं शिकवलंय त्यालाच. मला आणखी कुठलं सर्टिफिकेट हवं होतं? मी मनातल्या मनात शिक्का मारला. माल पास!

मग रोज रात्री जेवताना मी विचारायचो, "आज काय म्हणाले बरणीकर?" आणि रेवा सांगायची. काका अळणी खातात. काका खूप जोरात हसतात. काका रविवारी होडीत बसून एरचला जातात. त्यांच्याकडे एक हत्ती आहे.

"हत्ती?"

"हो. रात्री तो पंख काढून खुंटीला टांगतो."

आता तुम्हीच सांगा, इथे तरी मला शंका यायला हवी होती की नाही? आली ना. मी पाच मिनिटं विचार केला आणि म्हणालो, "पितळेचा असेल. सुट्या भागांचा. पूर्वी मिळायचे तसे." होडीचंही मी जुळवून टाकलं. एरचला बेतवा नदी आहे, माणूस बहुतेक पुलाच्या कामावर सल्लागार असणार. एका बोल्टच्या आट्यांसाठी ट्रक परत पाठवणारा मी, पंखांचा हत्ती बिनबोभाट आत घेत होतो!

एका रविवारी मी गेलोही तिकडे. कुंपणातून पाहिलं, कुलूप. बरोबरच होतं, रविवारी ते एरचला. रोज माझा पाय घरात पडेपर्यंत साडेसहा व्हायचे आणि काका सातला झोपायचे. वसाहतीच्या ऑफिसात विचारायला काय झालं होतं, असं म्हणाल. खरं सांगू? धीर झाला नाही. विचारलं आणि तिथे कुणी मिश्राजी निघाले तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं.

इथपर्यंत प्रकरण घरात होतं. पण माझ्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. मंडळाचे चिटणीस जाधवकाका, बबिन्याहून निवृत्त झालेले आणि झाशीतच राहिलेले सुभेदार. त्यांना मी फोन लावला. दरवर्षी पाडव्याच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणा मिळता मिळत नाही, म्हणून ते नेहमी हैराण.

"काका, पाहुणा मिळाला! भास्करराव बरणीकर. मोठा माणूस आहे."

"काय करत्यात?"

"पुलाचं काम. आणि घरी हत्ती आहे."

पलीकडे त्यांनी नाव लिहून घेतलं. मग जाधवकाका म्हणाले, "तुमी सांगताय म्हंजे तपासूनच सांगत असाल की ओ."

आमंत्रण रेवाच्या हाती पाठवलं. "काका हो बोलले," ती म्हणाली. मी सीपरी बाजारातून शाल आणली, चांगली भरजरी. इलाइट चौराह्यावर फ्लेक्स छापायला दिला. छापणाऱ्यानं विचारलं, "भाईसाब, मुख्य अतिथि की फोटो?" फोटो कुठला असणार! "तो गुलाब लगा दें?" म्हणाला. त्यानं एवढा मोठा गुलाब लावला आणि खाली नाव, श्री. भास्करराव बरणीकर.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारली. पाहुण्यांना न्यायला जाधवकाका आपली गाडी घेऊन दारात हजर, डोक्याला फेटा. मी ताटात शाल आणि नारळ घेतला. रेवानं परकर-पोलका घातला होता. तिनं ताट पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"बाबा, कुठे चाललास?"

"काकांना आणायला."

"ते एरचला गेले."

"पाडव्याला? आज तर ते आपले पाहुणे आहेत!"

"बाबा, नको ना…" तिनं माझा सदरा धरला. मी आपला पुढे. एका हातात ताट, सदऱ्याला लोंबकळणारी मुलगी, मागे फेटेवाले सुभेदार. वृषाली कुलूप लावून मागून येत होती.

नऊ नंबरच्या फाटकाशी पोचलो. दाराला कुलूप, आणि ते इतकं गंजलेलं की किल्ली शिरणं शक्य नव्हतं. मी तरी हाक मारली. "बरणीकर! अहो बरणीकर!"

मेंदीमागून माळी उठला. म्हातारा रामसेवक, हातात कात्री.

"काए साब, को खों हेर रए?"

"यहाँ जो साहब रहते हैं…"

"इतै तो चार साल सें तारो परो है, साब. कोऊ नइयाँ." मग रेवाला बघून त्याचा चेहरा खुलला. "बिटिया रोज आउत. हमें सोई खबाउत. बा मोटी रोटी तो भौत नोनी हती!"

चार वर्षं कुलूप! आणि मोटी रोटी म्हणजे माझी थालीपिठं, ती यानं चवीनं खाल्लेली. म्हणजे पेरूही याचेच!

मी वृषालीकडे पाहिलं. ती माझ्याहून जास्त चकित. "अरे, म्हणजे तुला खरं वाटत होतं? मला वाटलं, तू तिच्याशी खेळतोयस! मी म्हटलं, किती छान बाप आहे!"

"आणि तो फ्लेक्स?"

"फ्लेक्स? कसला फ्लेक्स?"

कान असे तापले म्हणता! तिकडे मंडळाच्या हॉलमध्ये साठ माणसं बसलेली, वर गुलाबाचा फ्लेक्स, आणि पाहुणा नाहीच. मी रेवाकडे वळलो. ओरडणारच होतो, शब्द जिभेवर आले होते. तेवढ्यात माझं लक्ष व्हरांड्यात गेलं.

फरशीवर खडूनं एक घर काढलं होतं. घरात विटांच्या दोन खुर्च्या, समोरासमोर. मध्ये पेरूच्या पानांवर मातीचे लाडू. एका विटेवर वेड्यावाकड्या अक्षरात 'काका', दुसरीवर 'बाबा'. कोपऱ्यात एक मोठा राखाडी प्राणी, खुंटीला दोन पंख.

"हे काय गं?" माझा आवाज आपोआप खाली आला.

रेवा रडत होती. "तूच बोलतो ना, मराठी बोलायला कोणी नाहीये. रोज बोलतो. फिर तू सॅड होतो. म्हणून मी काका आणले. तुझ्यासाठी."

"अगं, पण असं खोटं…"

"खोटे नाहीत!" ती हुंदक्यातच तडकली. "तू त्यांचं नाव घेऊन रोज हसतो. पहले नहीं हँसता था."

माझ्या मुलीला माझं एकटेपण दिसलं होतं आणि तिच्या हातात खडू होता, म्हणून तिनं मला एक माणूस काढून दिला. बरणी बघून आडनाव दिलं, आईचं पाहून डब्यात पेरू घातले.

जाधवकाका पुढे आले. मला वाटलं, आता फौजी भाषेत उद्धार होणार. त्यांनी ताटातली शाल उचलली, फेटा सावरला, खाली वाकले आणि 'काका' लिहिलेल्या विटेभोवती ती शाल नीट गुंडाळली.

"चला पाहुणं," वीट उचलून ते म्हणाले, "लोक खोळंबल्यात."

त्या दिवशी प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीवर शाल पांघरलेली वीट होती आणि शेजारी रेवा. भाषण तिनंच केलं. "काका बोलले की सगळ्यांनी मराठीत बोला, आणि फिर श्रीखंड खाओ." इतकं छोटं आणि मुद्द्याचं भाषण मंडळाच्या इतिहासात झालं नव्हतं. मुलांना हत्तीची माहिती हवी होती, ती श्रीखंड संपेपर्यंत चालली. आणि दर रविवारी जाधवकाका आमच्या दारात येऊन हाक मारू लागले, "काय ओ इंजिनेर, हाय का चहा?"

इथे किस्सा संपला असता तर मी शहाणा ठरलो असतो. पण शहाणपण आलं ते जास्तच आलं.

जूनमध्ये रेवा पुन्हा धावत आली. "बाबा, नऊ नंबरमध्ये खरेवाले काका आलेत! मराठी! ट्रक आलाय!"

वृषाली बाजारात गेली होती. मी मनाशी म्हणालो, जयंतराव, या वेळी चुकायचं नाही. मुलीच्या खेळात मन लावून खेळायचं. डोळा मारून विचारलं, "हत्ती आणलाय का गं त्यांनी?"

"विचारते!"

"थांब, डबा घेऊन जा." मी रिकामा डबा घेतला, आत एक चिठ्ठी टाकली, आणि झाकण लावलं. चिठ्ठीत लिहिलं, 'हत्तीसाठी हवेचे मोदक पाठवत आहे. मराठी असल्याचं सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय तुम्हाला खरं मानण्यात येणार नाही. – जयंत, तपासणी विभाग.' खाली झोकदार सही. स्वतःवर इतका खूष होतो की झोपेपर्यंत शीळ घालत होतो.

दुसऱ्या दिवशी अकराला निरोप आला, विभागाचे नवे प्रमुख बोलावताहेत. बदलून कोण आलंय, आम्हाला नावही कळलं नव्हतं. दार ढकलून आत गेलो. टेबलावर एक स्टीलचा डबा होता. झाकणावर कोरलेलं नाव मी दारातूनच वाचलं. वृषाली.

"या, बसा," साहेब स्वच्छ मराठीत म्हणाले. डब्याशेजारी एक पिवळा पडलेला कागद होता. "हा माझा जन्माचा दाखला. मिरजेचा आहे. तपासून घ्या."

मी उभाच.

"आणि हा तुमचा डबा. रिकामा डबा परत करायचा नाही, असं आई सांगायची. म्हणून शेंगदाण्याचे लाडू घातलेत, हत्तीला चालतील ना?" ते मागे टेकले. "तुमची मुलगी सांगत होती, बाबांना मराठी बोलायला माणूसच मिळत नाही. दोन वर्षं तळमळताय म्हणे. मीही इथे एकटाच आलोय. बोला की जयंतराव, काहीतरी मराठीत बोला!"

दोन वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो समोर, आपल्या भाषेत, लाडू घेऊन बसला होता. मी घसा खाकरला, तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं?

"जी सर… ग़लती हो गई, सर!"