हातभर कापड कुठं गेलं

दामोदर गुरुजींना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे पुस्तक काढलं आहे. मी त्यांच्या शाळेत कधी गेले नाही. मी सांगते आहे आणि सूनबाई लिहून घेते आहे. गुरुजींची आणि माझी ओळख चोरीच्या आळामुळे झाली. आळ माझ्यावर होता.

आमचं घर विणकऱ्यांचं. शेटजी सूत देत, आम्ही धोतरं विणून देत असू. कांड्या भरणं, म्हणजे विणायच्या नळ्यांवर सूत गुंडाळणं, माझ्याकडं, म्हणून सुताची जबाबदारीही माझी. एकदा लग्नाच्या आहेरासाठी दहा-दहा हातांची दहा धोतरं हवी होती. खळ धुऊन निघाली की ते कापड शेकडा दहा आटतं, म्हणून शेटजींनी सूतही शेकडा दहा जास्त दिलं. आम्ही विणलं, धुतलं, मग मोजलं. नव्याण्णव हात भरलं. दहावं धोतर नऊ हाती निघालं, आणि ते नेमकं नवरदेवाच्या मामांच्या वाट्याचं. त्यांच्या पोटाला दहा हातही जेमतेम पुरत.

दहा वाढवलं, दहा आटलं, म्हणजे शंभर यायलाच हवं. हातभर सूत कांड्या भरणारीनं ठेवलं, असं शेटजी म्हणाले. मोहल्ल्याला ते पटलं. सासूबाईंनी मला उमरेडला माहेरी धाडायला गाठोडंही बांधलं. एरवी त्यांचं कुठलंच काम इतक्या लवकर होत नसे. माझ्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, मागाआडून हळूच विचारलं, "खरं सांग वं, सूत तू ठेवलं का?" शेटजींच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं.

गुरुजी तेव्हा नवे होते. त्यांची शाळा शेटजींच्याच ओसरीवर भरे, त्यामुळे त्यांनी गप्प राहणं सोयीचं होतं. पण शेटजी बसलेले असतानाच ते आमच्या घरात आले आणि सासूबाईंकडं चिंचोके मागितले. माणूस खेळायला बसतो की काय, असं मला वाटलं. त्यांनी शंभर मांडले, वर दहा ठेवले. मग दर दहांतून एक उचलायला लागले. अकरा उचलले गेले. उरलेले शेटजींनी स्वतः दोनदा मोजले, नव्याण्णवच.

"मंग माहा हात गेला कुठं?"

"कुठंच गेला नाही, शेटजी. वाढवलं तुम्ही शंभरावर, आटलं एकशे दहावर. तो हात कोणी नेला नाही, तो नव्हताच."

शेटजी उठून गेले. शाळा पुढं दोन महिने देवळाच्या पारावर भरली.  सासूबाईंनी गाठोडं सोडलं.

पुढं गुरुजींनी आम्हा बायकांना सोपी रीत शिकवली. दहा वाढ, दहा घट असेल तर दहाच्या दहा ओळी चिंचोके मांडावेत. शंभरांचा एक ढीग होतो, म्हणून शेकडा एक तूट. वीस-वीस असेल तर ढीग चार, तूट चार. वीस वाढ आणि दहा घट असेल तर आधी वजाबाकी करून दहा, मग विसाच्या दहा ओळींचे दोन ढीग कमी. वाढ उरते आठ. दोन्हीही वाढीच असतील, तर ढीग बेरजेत घालायचे: दहा नि वीस मिळून तीस नाही, बत्तीस. तेव्हापासून मोहल्ल्यात शंभर हातांसाठी एकशे अकरा हात आणि वर थोडं, असं विणतात.

एवढे हुशार गुरुजी बाजारातून किडकी वांगी मात्र नेमानं आणतात. भाजीवाली पावशेर जास्त घालते, त्यातली निम्मी फेकावी लागतात. हा हिशेब त्यांना अजून सुटलेला नाही. गुरुजींच्या घरच्या वहिनींनी मला हे लिहू नका असं सांगितलं होतं. मी लिहीत नाही, सांगते आहे.

चिंचोके मोजले त्या दिवशी संध्याकाळी मालकांनी माझ्यापुढं सुताची टोपली ठेवली आणि म्हणाले, "आता मोजू नको, भर." माफी मागायची त्यांची रीत तेवढीच. मी कांड्या भरल्या, आणि त्या घरात चाळीस वर्षं राहिले.

देवानं गुरुजींना निरोगी आणि पुष्कळ आयुष्य द्यावं. मोजण्याआधीच चोर ठरवणारे मोहल्ल्यात अजून बरेच आहेत.