नाव ठेवण्याचा मान माझा

माझ्या माहेरी चौथी मुलगी झाली, तेव्हा आत्यानं पाळण्यात तिचं नाव नकोशी ठेवलं. ती मी. असं नाव ठेवलं की देवाला इशारा पोचतो आणि पुढचा मुलगा होतो, ही आमच्याकडची पक्की समजूत. झालाही. माझा धाकटा भाऊ. लग्नात नवऱ्यानं तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं म्हणून मी सुटले, पण माहेरच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं की पुन्हा नकोशीच.

हा भाऊ पुढे मुंबईच्या एका सूतव्यापाऱ्याचा कारकून होऊन जपानला जाऊन आला. समुद्र ओलांडला म्हणून ठाण्याच्या मंडळींनी प्रायश्चित्त दिलं, ते त्यानं मुकाट घेतलं. तिकडे तो तापानं फणफणला असताना घरमालकाची लहान मुलगी त्याला रोज पेज आणून द्यायची, हे मात्र त्यानं फक्त मला सांगितलं. तिचं नाव युकी. मानानं हाक मारायची तर ओयुकी. आपण नावामागे बाई लावतो, ते लोक पुढे ओ लावतात. युकी म्हणजे बर्फ. ती जन्मली त्या दिवशी बर्फ पडत होता.

"बर्फ म्हणजे साहेबाच्या पेल्यातला?" मी विचारलं.

"नाही गं ताई. आभाळातून पडतो तो. पिंजलेल्या कापसासारखा."

पुढे त्याला दोन मुलींवर तिसरी मुलगी झाली. बारशाला मी कल्याणहून आगगाडीनं ठाण्याला गेले. भावानं मला दारातच गाठलं. "ताई, युकी ठेव. माझं आई ऐकणार नाही. नाव ठेवायचा मान आत्याचा."

आत आईचं ठरलेलंच होतं. "हिचं नकोशी ठेव. तुझ्या वेळी गुण आला होता."

गुण आला म्हणे! मी काय औषधाची मुळी होते?

"मी युकी ठेवणार," मी म्हटलं.

शेजारच्या काकूंनी नाक मुरडलं. "ना देवाचं, ना नदीचं. हे कसलं मेलं नाव?"

"काकू, तुमच्या धोंडूच्या वेळी कुठला देव आठवला होता?"

बायका पदराआड हसल्या. आई हसली नाही. "पुढचा मुलगा झाला नाही, तर खापर तुझ्या डोक्यावर."

"फुटू दे. या घरात एक नकोशी पुरे झाली, आई."

मी पाळण्यात वाकले, पोरीच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं. मग उभी राहिले आणि बाहेर ओसरीवर बसलेल्या पुरुषांनाही ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हटलं. भावजय खाटेवर रडत होती, पण मान हलवून हो म्हणत होती. काकू घुगऱ्या न घेताच उठून गेल्या.

पुढच्या खेपेलाही मुलगीच झाली. आईनं मुद्दाम माणूस धाडून निरोप दिला, "बघ, तुझ्यामुळे." मी लुगडं बदललं आणि ठाण्याची गाडी धरली. भावाला आणखी एक जपानी नाव मी केव्हाच विचारून ठेवलं होतं.