ओसाड पाड्यावरचं भात

घोटीच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी गोजराबाईची दोन खाचरं होती. २००४ साली गणपती गेले आणि त्यांच्यामागं पाऊसही गेला. उशिरा पिकणारं गरवं भात फुलोऱ्यात आलं आणि तसंच उभं राहिलं. दाणा भरलाच नाही. वारा सुटला की सगळं शिवार कोरडं सळसळायचं. पोचट लोंब्यांचा तो आवाज सोसेना म्हणून तिचा नवरा मंगळू दिवसासुद्धा दार लावून बसायचा. लागोपाठ तिसरं वर्ष होतं.

डोंगरापलीकडं एक ओसाड पाडा होता. पटकीच्या साथीत तिथली घरंच्या घरं संपलेली. तिथल्या खाचरात भात दरवर्षी आपलं आपण उगवायचं, दसऱ्याआधी पिकायचं. त्याला माणूस हात लावत नसे. पाखरंही बसत नसत.

"हळवं बी हाय ते, लवकर पिकतं," गोजराबाई म्हणाली. "मी आणते."

"ते आपलं नाय," मंगळू एवढंच बोलला.

ती भर दुपारी एकटीच गेली. विळा चालवू लागली, तसा खाचराच्या दुसऱ्या कडेनंही कापणीचा आवाज येऊ लागला. ती थांबली. आवाज थांबला नाही. मान वर न करता ती म्हणाली, "आये, बियाण्यापुरतंच नेते." मग सगळं शांत झालं. निघताना बांधावर ताजी कापून बांधलेली एक पेंढी दिसली. तिनं बांधलेली नव्हती. त्या पेंढीला न शिवता आपलं ओझं डोक्यावर घेऊन ती झपझप घरी आली.

पुढच्या वर्षीही पाऊस लवकर गेला, पण तोवर तिनं पेरलेलं ते हळवं भात घरात आलं होतं. ओसाड पाड्यावर त्या साली नुसतं गवत उगवलं.

लोक बी मागू लागले. एका बियाण्याच्या दुकानदारानं दम दिला, "परवाना नसताना बी विकशील तर केस होईल." घाबरून ती शाळेतल्या रंगनाथ गुरुजींकडं गेली.

"बाई, शेतकऱ्यांच्या हक्कांचा कायदा झालाय, २००१ सालचा," गुरुजी म्हणाले. "आपल्या शेतातलं बी राखा, पेरा, वाटा, विका. फक्त कंपनीसारखं छापील नाव लावून विकायचं नाही. या वाणाची नोंदसुद्धा तुमच्या नावावर करता येईल."

"माझ्या नावावर?" गोजराबाई म्हणाली. "नको गुरुजी. ज्यांचं हाय त्यांना विचारावं लागंल. आन् मी पुन्हा तिथं जायची नाय."

नोंद झाली नाही. बी मात्र सुपासुपानं आसपासच्या वाड्यांत गेलं, पावसानं दगा दिला तरी घरोघर भात येऊ लागलं. ते कुठून आलं हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून बी नेताना तिच्याशी कुणी बोलत नसे. सूप पुढं करायचं, बी घ्यायचं आणि मागं वळून न बघता निघायचं, असा रिवाजच पडला.